मत देण्याआधी बसून बोलू

पनवेल महापालिकेच्या हद्दीत नळ कोरडा पडला तर तक्रार कोणाकडे न्यायची, हे तुम्ही कुठे राहता यावर ठरतं. जुन्या शहरात राहत असाल तर महापालिकेकडे. शहराचं स्वतःचं देहरंग धरण आहे, पण गाळ साचल्यामुळे ते उन्हाळ्यात तळ गाठतं आणि मग जीवन प्राधिकरण नि एमआयडीसीच्या पाण्याकडे डोळे लागतात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेलच्या सेक्टरांत राहत असाल तर पाणी सिडकोचं. शेजारच्या नवी मुंबई महापालिकेकडे मोरबे धरण आहे आणि ते खालापूर तालुक्यात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. पनवेलकराला ही गोष्ट खुपल्याशिवाय राहत नाही. पाण्यावरून उठून दुसऱ्या विषयाकडे गेलात तरी तेच. मेट्रो सिडकोची, लोकल रेल्वेची, वीज महावितरणची. तळोज्याच्या कारखान्यांकडून रात्री वास आला तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. आणि निवडणुकीत दारात येणारा उमेदवार या सगळ्याचं आश्वासन एका दमात देऊन जातो.

मतदारांच्या तयारीच्या बैठका, म्हणजे सोसायटीच्या हॉलमध्ये, गावच्या देवळात, वाचनालयात किंवा तलावाकाठच्या कट्ट्यावर मतदानाआधी बसून केलेलं बोलणं, हा या पुस्तिकेचा विषय आहे. अशा बैठका भरवू पाहणाऱ्यांच्या हाती काही उपयोगी पडावं म्हणून पुढची पानं आहेत. त्यांची ओळख करून देताना मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. पनवेलसारख्या शहरात मतदाराची तयारी उमेदवारांच्या नावांपासून सुरू होत नाही. कोणतं काम कोणाचं, आणि आपण निवडून देणार ती माणसं त्यातलं काय करू शकतात, इथून ती सुरू होते. हे कळलं नाही तर आपण चुकीच्या माणसाकडे बरोबर मागणी करत राहतो आणि पाच वर्षांनी सगळेच नालायक म्हणून मोकळे होतो.

पनवेलला नागरी कारभार नवा नाही. इथली नगरपालिका 1852 सालची, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. महापालिका मात्र 1 ऑक्टोबर 2016 ला झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जुनं शहर, सिडकोने वसवलेले नोड आणि 29 गावं एका हद्दीत आली. त्या दिवशी कागदावर गावांचा दर्जा वाढला आणि एक गोष्ट गुपचूप हातातून गेली: ग्रामसभा. टॉवर उभे राहिलेल्या खारघरमध्येही तोवर ग्रामपंचायत होती. खारघर दारूमुक्त राहावं ही आजही जिवंत असलेली मागणी त्या ग्रामपंचायतीच्या ठरावावर उभी आहे, हे अनेक नव्या रहिवाशांना ठाऊक नसतं. ग्रामसभा आदर्श होत्या असं मी म्हणणार नाही. कोरम भरत नसे, सह्या घरोघरी फिरून घेतल्या जात, बायका मागे उभ्या राहत. तरी 26 जानेवारीला किंवा 2 ऑक्टोबरला कोणीही उठून सरपंचाला हिशेब विचारू शकत होता, आणि तो प्रश्न इतिवृत्तात लिहावा लागे. महापालिकेत सामान्य नागरिकाला अशी जागाच नाही. 2009 साली महापालिकांच्या कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद आली, म्हणजे मतदान केंद्राच्या आसपासच्या मतदारांची सभा. पण ती कायद्याच्या पुस्तकातून उठून वस्तीपर्यंत चालत आलीच नाही.

त्यात भर पडली रिकाम्या वर्षांची. पनवेलची पहिली महापालिका निवडणूक 24 मे 2017 ला झाली. 78 जागांपैकी भाजपला 51, शेकापला 23, काँग्रेस आणि राष्ट्रवादीला प्रत्येकी दोन. मतदान सुमारे 55 टक्के. त्या सभागृहाची मुदत जुलै 2022 मध्ये संपली. पुढची निवडणूक ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादात अडकली. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला आदेश दिला तेव्हा कुठे चाकं हलली, आणि 15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांबरोबर पनवेलचं मतदान झालं. मधली साडेतीन वर्षं प्रशासकाची. या काळात मालमत्ता कराचा वाद पेटता होता. महापालिकेने ऑक्टोबर 2016 पासूनचा कर मागितला. नोडमधले रहिवासी म्हणाले, त्याच काळातलं सेवा शुल्क आम्ही सिडकोला भरलं आहे, एकाच सेवेचे पैसे दोनदा का द्यायचे? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. घराघराच्या खिशाला हात घालणारा हा प्रश्न, आणि ज्याच्या तोंडावर विचारावा असा नगरसेवकच शहरात नव्हता. लोक एकत्र बसून बिलं ताडून बघत होते, कायदा वाचत होते, ते या पोकळीतच. मतदारांच्या बैठकांना पनवेलमध्ये जमीन तयार आहे असं मी म्हणतो ते यामुळे.

एकत्र बसून बोलण्याची आपली परंपरा फार जुनी आहे आणि ती आठवायला हवी, कारण मतदार शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सेलिब्रिटीचा फोटो आणि शाईचं बोट येतं. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या सभासदाला किमान पन्नास लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मतपेटी दूरच, मताचा अधिकारही नव्हता. तरी दुसऱ्याच्या वतीने बोलायचं तर आधी त्याच्याशी बोलायला हवं, ही अट आपल्या लोकांनी स्वतःवर घालून घेतली होती. आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावात 1933 साली कुळांनी सभा घेऊन खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय केला. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने तो संप सहा वर्षं टिकला. उपाशी पोटी इतकी वर्षं माणसं एकत्र राहतात ती निव्वळ घोषणांवर राहत नाहीत, त्यामागे रात्र रात्र झालेलं बोलणं असतं. पुढे दि. बा. पाटलांनी, जे पनवेलचे नगराध्यक्ष, आमदार आणि नंतर खासदार होते, सिडकोसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा लढा उभारला. जानेवारी 1984 च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व त्यातून आलं. आज ज्या सेक्टरांत आपण राहतो त्यांच्या पोटात हा इतिहास आहे. खारघरच्या सोसायटीतला आयटीवाला आणि ओव्याच्या पाड्यावरचा आगरी शेतकरी एका प्रभागात मत देतात. त्यांची एकमेकांशी ओळख बहुधा पार्किंगच्या भांडणापुरतीच असते.

गावकीबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. आगरी-कोळी गावांत गावकी अजून जिवंत आहे. जत्रा, पालखी, भांडणतंटा, सगळं तिथे बसून ठरतं आणि कित्येकदा गावाचं मतही तिथेच ठरतं. शहरी माणूस याला नाकं मुरडतो. मला ते पटत नाही. गावकीत माणसं किमान एकमेकांच्या तोंडावर बोलतात, आणि ठरलेल्या शब्दाला जागतात. पण गावाने मिळून बोलणं वेगळं आणि गावाने मिळून मत बांधून टाकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात सून, धाकटा भाऊ, भाड्याने राहणारा बिहारी कामगार यांचं मत त्यांना न विचारताच मोजलं जातं. सोसायट्या तरी कुठे वेगळ्या आहेत? निवडणूक जवळ आली की कमिटी उमेदवाराला बोलावते, इमारतीला रंग किंवा आवारात पेव्हर ब्लॉक मागते आणि त्या बदल्यात अमुक फ्लॅटांची मतं पक्की असल्याचं सांगते. शिकलेल्या माणसांनी केलेली ही मतांची घाऊक विक्री आहे. तिला गावकीपेक्षा सभ्य मानायचं काहीच कारण नाही.

यावर मला सर्वांत चांगला धडा सापडतो तो गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात. तिथल्या गोंड लोकांनी अभ्यास गट नावाची एक रीत पाडली. अभ्यास गटात कोणीही यावं, बाहेरचा जाणकारही यावा, विषय खणून काढावा. मात्र तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांच्या सहमतीने. शिकण्याची जागा आणि ठरवण्याची जागा त्यांनी वेगळी ठेवली, म्हणून शिकताना कोणाला हरण्याची भीती राहिली नाही. 2009 साली या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे अभ्यासाची अनेक वर्षं होती. मतदारांच्या बैठकीसाठी हाच नियम घ्यावा असं माझं ठाम मत आहे. बैठकीत अभ्यास करायचा; ठरवायचं मात्र ज्याने त्याने, मतदान केंद्रातल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे, एकट्याने. शेवटी हात वर करून कोणाला मत देणार ते विचारलं, की त्या क्षणी ती बैठक प्रचारसभा होते आणि पुढच्या वेळी निम्मी माणसं येत नाहीत.

प्रश्न कोणी विचारायचे, हाही नाजूक मुद्दा आहे. अमेरिकेत 1920 साली बायकांना मताधिकार मिळाला त्या वर्षी लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था निघाली. ती कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देत नाही; सगळ्यांना तेच प्रश्न पाठवते आणि आलेली उत्तरं जशीच्या तशी छापते. 1976 पासून तिने अध्यक्षपदाच्या उमेदवारांचे जाहीर वादविवाद भरवले. 1988 मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांच्या प्रचारयंत्रणांनी आपापसांत अटी ठरवल्या आणि प्रश्न विचारणारे कोण हेही त्यांनाच ठरवायचं होतं, तेव्हा संस्थेने सरळ अंग काढून घेतलं. आपल्याकडे इतक्या मोठ्या मंचाची गरज नाही, पण तो बाणा हवा. उमेदवाराचा कार्यकर्ता चहा-वड्याची सोय करतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणावं. मुंबईत 2007 च्या महापालिका निवडणुकीत जुहूच्या नागरिकांनी आपसांत चर्चा करून आपला उमेदवार उभा केला आणि अ‍ॅडॉल्फ डिसूझा निवडूनही आले. त्या निकालाची देशभर चर्चा झाली. मला त्यात निकालापेक्षा त्याआधीची महिनोन्‌महिन्यांची जुळवाजुळव मोलाची वाटते. आणि तसा प्रयोग पुन्हा सहज साधला नाही याचं कारणही तीच आहे, ती फार कष्टाची असते.

आता कामाच्या गोष्टी. पनवेलचा मतदार एका मताचा धनी नाही. प्रभाग 20, त्यातले बहुतेक चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. म्हणजे बहुसंख्य मतदारांना अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची असतात, प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. एकाच चिन्हावर चार वेळा बोट ठेवण्याची सक्ती कुठेही नाही, तरी प्रचार असा होतो की पॅनेल म्हणजे एकच वस्तू. वयस्क माणसं एक बटण दाबून निघू लागतात, यंत्राचा शेवटचा आवाज होत नाही, केंद्राध्यक्ष हाक मारतात, गोंधळ उडतो. बैठकीत पुठ्ठ्यावर चार रंगांची यंत्रं काढून आजी-आजोबांना एकदा बोट ठेवायला लावलं, तर एवढ्यानेही बैठक सार्थकी लागेल. विधानसभेला चिठ्ठी दिसणारं व्हीव्हीपॅट असतं, ते स्थानिक निवडणुकीत नसतं. हे आधी सांगितलं नाही तर केंद्रावर संशयाचं वारं सुटतं. ही निवडणूक घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा आणि लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा, हेही एकदा उलगडून सांगावं.

मतदार यादी हा सर्वांत रुक्ष आणि सर्वांत महत्त्वाचा विषय. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतात. जानेवारी 2026 च्या मतदानासाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. याचा अर्थ दिवाळीत कामोठ्यात घर बदलून आलेल्याने डिसेंबरात धावपळ करून काही उपयोग नव्हता. पनवेलमध्ये दुबार नावांचा वाद गाजला. आयोगाने संशयित दुबार नावांपुढे दोन तारे छापले आणि अशा मतदाराकडून केंद्रावर हमीपत्र घेण्याची तजवीज केली. इथे राहणाऱ्या कितीतरी सातारकर, कोल्हापूरकर, कोकणी कुटुंबांचं एक नाव गावी आणि एक इथे असतं. त्यात लबाडी कमी आणि गावाशी नाळ तोडायची हिंमत नसणं जास्त, हे मला कळतं. तरीही जिथे आपण पाणी पितो, कर भरतो, मुलं शाळेत घालतो, तिथे आपलं मत असायला हवं, आणि एकाच ठिकाणी. बैठकीत हा विषय कोणालाही चोर न ठरवता मांडता आला पाहिजे.

वेळापत्रक बघा. मागच्या निवडणुकीत अर्ज 23 ते 30 डिसेंबर, माघार 2 जानेवारीपर्यंत, उमेदवारांची अंतिम यादी आणि चिन्हं 3 जानेवारीला, मतदान 15 ला. उमेदवार नक्की झाल्यापासून जेमतेम बारा दिवस. एवढ्यात चार जागांच्या उमेदवारांची शपथपत्रं वाचायची, त्यातली मालमत्ता, कर्ज, गुन्ह्यांची कलमं समजून घ्यायची आणि त्यांना प्रश्न विचारायचे, हे घाईत होत नाही. म्हणून प्रश्नांच्या बैठका आधीच्या पावसाळ्यापासून सुरू व्हाव्यात आणि नावांच्या बैठका शेवटच्या पंधरवड्यात. काही जागांवर तर नावांची बैठक घ्यायची पाळीच येत नाही. त्या निवडणुकीत राज्यात अनेक महापालिकांत, पनवेलमध्येही, काही उमेदवार बिनविरोध आले. बिनविरोध निवडीला आपल्याकडे शहाणपणाचं लक्षण मानायची सवय आहे. गावच्या पतपेढीत ते चालेलही. लाखोंच्या शहरात मात्र बिनविरोध म्हणजे मतदाराच्या तोंडातून प्रश्न काढून घेणं. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये नोटाला काल्पनिक उमेदवार मानून, त्याला सर्वाधिक मतं पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढला होता. बटण दाबायलाच मिळालं नाही तर त्या आदेशाचा उपयोग काय, यावर एक अख्खी संध्याकाळ बोलता येईल.

उमेदवाराला काय विचारावं? नगरसेवक म्हणजे स्वतः हुकूम सोडणारा अधिकारी नव्हे. अंमलबजावणी आयुक्तांची, नगरसेवकाच्या हाती सर्वसाधारण सभेतलं मत, स्थायी समिती, अर्थसंकल्प, प्रभाग समिती आणि आवाज. म्हणून पाणी देणार का, असं विचारलं तर हो शिवाय दुसरं उत्तर येत नाही. सिडकोकडून पाणीपुरवठा महापालिकेकडे यावा असं तुम्हाला वाटतं का, आल्यास त्याचा खर्च कुठून, देहरंगचा गाळ काढण्यासाठी पहिल्या अर्थसंकल्पात किती मागाल, असं विचारलं की उमेदवाराला विचार करावा लागतो. कित्येक जण प्रामाणिकपणे सांगतील की मला माहीत नाही. ते उत्तर वाईट नाही, पुढच्या रविवारी माहिती काढून या असं त्यांना म्हणता येतं. महापालिकेचं काम नसलेल्या गोष्टींचं, उदाहरणार्थ लोकलच्या फेऱ्यांचं, आश्वासन जो छातीठोकपणे देतो त्याच्याबद्दलही बैठकीला पुरेसं कळतं.

बैठकीला कोण येत नाही, याची काळजी मला सर्वांत जास्त आहे. रविवारी सकाळी अकरा म्हटलं की दुकानातला नोकर आणि हॉटेलातला मुलगा बाद. संध्याकाळी सात म्हटलं की स्वयंपाकाला असलेल्या बायका बाद. तळोज्याच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याला दोन्ही वेळा सारख्याच. धुणीभांडी करणाऱ्या मावशी ज्या सोसायटीत दिवसभर राबतात तिच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसायला संकोचतात, आणि ती खुर्ची त्यांना कोणी पुढेही करत नाही. विमानतळासाठी घरदार सोडलेली गावं, तालुक्यातल्या ठाकूर-कातकरी वाड्या, यातल्या बऱ्याच महापालिकेबाहेर, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेत मत देणाऱ्या. त्यांची बैठक त्यांच्या वाडीवर, त्यांच्या वेळेला व्हायला हवी. एक बैठक सगळ्यांसाठी हा हट्ट सोडावा. लहान बैठका, दहा-पंधरा माणसांच्या, वेगवेगळ्या वेळी, आणि खारघरसारख्या ठिकाणी गरजेनुसार हिंदीतूनही. प्रत्येक बैठकीत कोणीतरी वहीत प्रश्न लिहून घ्यावेत, बोलणाऱ्याच्या शब्दांत. मावशींनी सांगितलेलं सार्वजनिक शौचालयाचं दार नीट लागत नाही, हे वाक्य नागरी सुविधांचा अभाव असं सुधारून लिहू नये.

मतदान झालं की ही वही कपाटात जाते, असा सर्वत्रचा अनुभव आहे. खरं तर तिचं काम तेव्हा सुरू होतं. उमेदवारांनी काय उत्तरं दिली ती तारखेसह तिच्यात असतात, आणि निवडून आलेल्या चौघांना ती वाचून दाखवता येतात. पुणे महापालिका 2006-07 पासून नागरिकांच्या सूचना अर्थसंकल्पात घेते. पनवेलमध्ये तशी रीत पडेपर्यंत आपणच ती पाडून घ्यावी. आयुक्तांचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे येतो. त्याआधी, डिसेंबर-जानेवारीतच, वहीतल्या मागण्या निवडून प्रभाग समितीच्या कार्यालयात लेखी द्याव्यात, एक प्रत चारही नगरसेवकांना, आणि पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.